मराठी निसर्गलेखन आणि जैवविविधतेचा पदव्युत्तर अभ्यास : एक चिकित्सक विचार

प्रास्ताविक

जैवविविधता आणि तिचे संवर्धन हा आज विज्ञानशाखेतील पदव्युत्तर अभ्यासाचा एक प्रतिष्ठित विषय झाला आहे. दुसरीकडे, मराठी साहित्यात निसर्गलेखनाची एक समृद्ध परंपरा आहे आणि ती मराठी विषयाच्या अभ्यासक्रमांत अधूनमधून नेमलीही जाते. परंतु एकाच महाविद्यालयाच्या एकाच इमारतीत शिकविल्या जाणाऱ्या या दोन गोष्टींची परस्परांशी गाठ क्वचितच पडते. विज्ञानाचा विद्यार्थी निसर्गलेखनाला 'ललित' म्हणून बाजूला ठेवतो. मराठीचा विद्यार्थी त्याच पुस्तकांतील पक्ष्यांची नावे शब्दसौंदर्य म्हणून टिपतो आणि पुढे जातो. या तुटलेपणामुळे दोन्ही विषयांचे नेमके काय नुकसान होते, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विचाराला एक साधा प्रसंग निमित्त ठरला. काही वर्षांपूर्वी विज्ञानशाखेतील एक पदव्युत्तर विद्यार्थिनी आपल्या प्रबंधिकेतील वनस्पतींच्या मराठी नावांचे शुद्धलेखन तपासून घेण्यासाठी प्रस्तुत लेखिकेकडे आली होती. तिचे गाव डोंगराळ भागातले. विषय होता पावसाळी रानभाज्या. तक्त्यात शेवळ्याच्या पुढे शास्त्रीय नाव, कुल, आणि 'खाद्य उपयोग : होय' एवढेच लिहिलेले होते. सहज विचारले तेव्हा तिने सांगितले की, शेवळे पावसाच्या तोंडावर मोजकेच दिवस मिळते, ते नीट निवडले नाही तर घशाला खाज सुटते, म्हणून काकडाची आंबट फळे घालून ते शिजवावे लागते, आणि कोणत्या उतारावर ते आधी येते हे तिच्या आईला ठाऊक आहे. यातले काहीच प्रबंधिकेत नव्हते. ऋणनिर्देशात मार्गदर्शकांचे, प्रयोगशाळा साहाय्यकाचे, टंकलेखकाचे नाव होते. आईचे नव्हते. "ते पद्धतीत बसत नाही, मॅडम," असे ती म्हणाली.

ही त्या विद्यार्थिनीची चूक नव्हे. तिला शिकविलेल्या पद्धतीत माहिती देणाऱ्या माणसासाठी रकानाच नव्हता. असा रकाना कसा असावा, याचा विचार करताना एम. फिल.च्या निमित्ताने वाचलेली तीन नावे आठवली : दुर्गा भागवत, व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली. या तिघांच्या लेखनाचा गौरव मराठी समीक्षेने पुष्कळ केला आहे. येथे त्यांच्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहावयाचे आहे. जैवविविधतेच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने हे लेखन वाचले तर त्याला काय मिळेल, आणि काय मिळणार नाही, असा हा प्रश्न आहे.

विषयाची घडण

'जैवविविधता' ही संज्ञा फार जुनी नाही. 1986 मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या एका परिषदेने ती प्रचारात आणली आणि 1988 मध्ये एडवर्ड विल्सन यांनी संपादित केलेल्या ग्रंथामुळे ती सर्वतोमुखी झाली. तत्पूर्वी 1985 मध्ये मायकेल सूले यांनी संवर्धन-जीवशास्त्र ही नवी ज्ञानशाखा कोणती, हे सांगणारा प्रसिद्ध लेख लिहिला. त्यात त्यांनी या शास्त्राला संकटाशी झुंजणारे शास्त्र म्हटले आणि त्याची मूल्याधिष्ठित गृहीतके उघडपणे मांडली. जीवांची विविधता चांगली आहे, हे विधान प्रयोगशाळेत सिद्ध करता येत नाही. ते आधी स्वीकारावे लागते. म्हणजे या शास्त्राच्या पायाशीच एक मूल्यविचार आहे, आणि मूल्यविचार हा साहित्याच्या अभ्यासकांना परका प्रांत नव्हे.

भारतात या विषयाच्या उच्च शिक्षणाची व्यवस्था हळूहळू उभी राहिली. 1883 मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने विद्यापीठीय संशोधनाला दीर्घकाळ आधार दिला. 1982 मध्ये स्थापन झालेल्या डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत 1988 पासून वन्यजीवशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात 2004 मध्ये वन्यजीव-जीवशास्त्र व संवर्धन या विषयाची पदव्युत्तर पदवी सुरू झाली. पुण्यात आबासाहेब गरवारे महाविद्यालयात 'जैवविविधता' याच नावाने पदव्युत्तर शिक्षण दिले जाते. पदवी पातळीवर सर्वोच्च न्यायालयाच्या 1991 च्या आदेशामुळे पर्यावरणशिक्षण अनिवार्य झाले, ते वेगळेच.

या सर्व अभ्यासक्रमांची क्षेत्रीय बाजू बळकट आहे, हे मान्य करावयास हवे. विद्यार्थी रानात जातो, रेषाछेद घेतो, चौकट आखून मोजणी करतो, संख्याशास्त्र वापरतो. परंतु रानाला भाषा असते, आणि ती भाषा बहुधा इंग्रजी नसते, या गोष्टीची दखल अभ्यासक्रमाच्या रचनेत फारशी दिसत नाही. परिणामी ग्रामीण भागातून आलेला विद्यार्थी घरी जे जाणतो ते वर्गात विसरतो, आणि वर्गात जे शिकतो ते घरी सांगू शकत नाही.

'ऋतुचक्र' : महिना आणि दिनांक

दुर्गा भागवत यांचे 'ऋतुचक्र' 1956 मध्ये प्रसिद्ध झाले. मराठी महिन्यांच्या क्रमाने निसर्गातील पालट टिपणारे हे ललितलेख आहेत. लोकसाहित्य, संस्कृत काव्य आणि प्रत्यक्ष अवलोकन यांचा त्यांत संगम झालेला आहे. झाड केव्हा पालवते, केव्हा मोहरते, केव्हा निष्पर्ण होते, याकडे इतक्या एकाग्रतेने पाहणारे पुस्तक त्यापूर्वी मराठीत नव्हते. आज हवामानबदलाच्या संदर्भात वनस्पतींच्या ऋतुकालाच्या नोंदींना महत्त्व आले आहे. जुन्या नोंदी जिथे मिळतील तिथून गोळा करण्याची धडपड जगभर चालली आहे. मग 'ऋतुचक्र' हे असे एक साधन मानता येईल काय?

उत्साहाच्या भरात 'होय' म्हणण्याचा मोह होतो. परंतु चिकित्सा केल्यास अडचण दिसते. शास्त्रीय ऋतुनोंदीला वर्ष, दिनांक, स्थळ आणि एक विशिष्ट झाड लागते. ललितलेखाला यांतील कशाचेच बंधन नसते. अनेक वर्षांचे पाहणे एका लेखात एकवटलेले असते, आणि तेच त्याचे बळ असते. दुसरी अडचण कालगणनेची आहे. आपले चैत्र-वैशाख हे चांद्रमहिने होत. अधिक मासामुळे ते सूर्याच्या गतीशी पुन्हा जुळवून घेतले जातात, पण दरम्यान ते पुढेमागे सरकतात. 2023 मध्ये गुढीपाडवा 22 मार्चला होता, 2024 मध्ये तो 9 एप्रिलला आला. म्हणजे 'चैत्राच्या प्रारंभी पालवी फुटली' या विधानात वर्ष सांगितले नसेल, तर दोन-तीन आठवड्यांची अनिश्चितता आपोआप शिरते. हवामानबदलाने घडविलेला फरक पुष्कळदा याच मापाचा किंवा याहून लहान असतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. शेतकरी पेरणीचा हिशेब चांद्रमहिन्यांनी करीत नाही, तो नक्षत्रांनी करतो. रोहिणी, मृग, आर्द्रा ही पावसाची नक्षत्रे सूर्याच्या स्थितीवरून मोजली जातात. म्हणून मृग दरवर्षी जूनच्या 7 किंवा 8 तारखेलाच निघतो. एखाद्या वृद्ध शेतकऱ्याने 'अमुक झाड मृगाच्या आधी फुलायचे' असे सांगितले, तर ते विधान 'अमुक झाड ज्येष्ठात फुलायचे' या विधानापेक्षा शास्त्रीय दृष्ट्या अधिक उपयोगी ठरते. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हा भेद कुणी शिकवीत नाही. मराठीच्या विद्यार्थ्याला तो ठाऊक असला तरी त्याचे मोल ठाऊक नसते.

तात्पर्य, 'ऋतुचक्र' ही नोंदवही नव्हे. काय पाहावे आणि किती सातत्याने पाहावे, याचे ते शिक्षण आहे. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला हे शिक्षण विशेष आवश्यक आहे. सह्याद्रीतील कारवीचे उदाहरण घ्यावे. सात वर्षे नुसती वाढून आठव्या वर्षी ती सामुदायिकपणे फुलते, बी धरते आणि मरते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती 2008, 2016 आणि 2024 मध्ये फुलली. या एका चक्रात पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या चार तुकड्या येऊन जातात. त्यांपैकी तीन तुकड्यांच्या दृष्टीने कारवी हे केवळ हिरवे झुडूप असते. प्रत्येक तुकडीने आपली नोंद पुढच्या तुकडीच्या हाती द्यावी, अशी व्यवस्था नसेल तर महाविद्यालय आपल्याच डोंगराबद्दल दर दोन वर्षांनी नव्याने अजाण होते.

'सत्तांतर' : निरीक्षण आणि रूपक

व्यंकटेश माडगूळकर यांची 'सत्तांतर' ही लघुकादंबरी 1982 मध्ये प्रसिद्ध झाली आणि 1983 मध्ये तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वानरांच्या टोळ्यांतील संघर्ष, नव्या हुप्प्याचे येणे, पिल्लांची हत्या हा तिचा विषय आहे. माणसाला जवळजवळ वगळून केवळ वानरांवर कादंबरी लिहिणे हे धाडस होते, आणि ते माडगूळकरांच्या रानातील प्रदीर्घ निरीक्षणामुळे सफल झाले, असे समीक्षकांनी म्हटले आहे.

परंतु या विषयाला विज्ञानातही एक इतिहास आहे, आणि तो भारतातच घडलेला आहे. युकिमारू सुगियामा या जपानी शास्त्रज्ञाने 1960 च्या दशकाच्या प्रारंभी धारवाड परिसरातील वानरांचा अभ्यास केला आणि बाहेरचा नर टोळी ताब्यात घेतो तेव्हा पिल्ले मारली जातात, ही गोष्ट 1965 मध्ये जगापुढे आणली. सारा हर्डी यांनी 1970 च्या दशकात अबूच्या पहाडावर काम केले. त्यांचा ग्रंथ 1977 मध्ये आला. पिल्लू मेल्यावर मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराला आपली संतती निर्माण करता येते, म्हणून ही हत्या निसर्गनिवडीतून आलेली आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. इतर काही अभ्यासकांनी ते अमान्य केले. मानवी वस्तीजवळच्या दाटीतून उद्भवलेली ही विकृती आहे, असे त्यांचे म्हणणे होते. हा वाद बराच काळ चालला आणि प्राणिवर्तनशास्त्राला त्याने नवी दिशा दिली.

या पार्श्वभूमीवर 'सत्तांतर' वाचताना दोन गोष्टी प्रत्ययास येतात. पहिली कादंबरीच्या श्रेयाची आहे. मराठी वाचकासमोर प्राण्यांचे निर्दय वास्तव कोणताही उपदेश न करता ठेवणारी ही कृती आहे. पिल्लाच्या मरणाने हळहळ वाटते, पण लेखक नराला खलनायक करीत नाही. पदव्युत्तर वर्गात वर्तनशास्त्र शिकविताना या तटस्थतेचा उपयोग व्हावा. दुसरी गोष्ट मर्यादेची आहे. 'सत्तांतर' हे शीर्षकच नरांच्या राज्यबदलावर बोट ठेवते. सत्ता, राज्य, पदच्युती हे शब्द माणसाच्या राजकारणातले आहेत, आणि ते घेताच टोळीचा मध्यबिंदू नर होतो. वास्तविक, वानरांच्या टोळीत टिकून राहतात त्या माद्या. नर येतो आणि जातो. हर्डी यांच्या संशोधनाचे एक महत्त्वाचे अंग हेच होते की, त्यांनी माद्यांच्या डावपेचांकडे लक्ष वेधले. एकच कळप दोन शीर्षकांखाली पाहता येतो. रूपकाची निवड ही निरीक्षणाची दिशा ठरविते, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याला कादंबरीतून समजू शकते. 'आक्रमक', 'स्थलांतरित', 'परकी प्रजाती' हे शास्त्रातले नित्याचे शब्दही अशीच रूपके आहेत, याचे भान त्याला त्यातून यावे.

चितमपल्ली : नाव आणि माहितीदाता

मारुती चितमपल्ली यांचा जन्म 1932 मध्ये सोलापूर येथे झाला. कोइमतूर येथे वनशिक्षण घेऊन त्यांनी महाराष्ट्राच्या वनखात्यात तीन दशकांहून अधिक काळ सेवा केली. 2006 मध्ये सोलापूर येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी 18 जून रोजी त्यांचे निधन झाले. 'पक्षी जाय दिगंतरा', 'जंगलाचं देणं', 'रानवाटा', 'शब्दांचं धन', 'रातवा', 'चकवाचांदण' ही त्यांची पुस्तके आणि 'पक्षिकोश' हा संदर्भग्रंथ मराठी वाचकाला परिचित आहेत.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने चितमपल्लींचे महत्त्व दोन कारणांसाठी आहे. एक म्हणजे नावे. बगळ्यांच्या वीणवसाहतीला 'सारंगागार', कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' असे शब्द त्यांनी मराठीत रुजविले. 'पक्षिकोशा'त त्यांनी एकाच पक्ष्याची वेगवेगळ्या भाषांतील नावे एकत्र आणली. हे काम केवळ भाषाप्रेमाचे नाही. स्थानिक नाव हे स्वतःच एक निरीक्षण असते. 'खवल्या मांजर' हे नाव शास्त्रीय दृष्ट्या चुकीचे आहे, कारण तो प्राणी मार्जारकुलातला नाही. परंतु 'खवल्या' या शब्दात त्याचे मुख्य लक्षण आलेले आहे. आणि त्याच खवल्यांसाठी त्याची शिकार होते. ज्या भागात एका शास्त्रीय जातीला तीन स्थानिक नावे आहेत, तिथे लोक वय, लिंग किंवा ऋतू यांनुसार भेद करीत असण्याची शक्यता असते. ज्या भागात तीन जातींना एकच नाव आहे, तिथे तो भेद त्यांच्या व्यवहाराला आवश्यक वाटलेला नसतो. दोन्ही गोष्टी संशोधकाला काही सांगतात. नावांचा रकाना केवळ 'स्थानिक नाव' म्हणून भरून टाकला की हे सांगणे ऐकू येत नाही.

दुसरे कारण माहितीदात्याचे. चितमपल्लींच्या लेखनात ज्ञान कुठून आले हे पुष्कळदा माणसाच्या रूपाने सांगितलेले असते. आई, मामा, पारधी, गोंड, रानातले वाटाडे आणि नवेगावबांधचे माधवराव पाटील ही माणसे त्यांच्या पुस्तकांत गुरूच्या स्थानी आहेत. वनखात्याचा अधिकारी आदिवासीकडे गुन्हेगार म्हणून पाहण्याची रीत असताना, त्याच खात्यातील एका अधिकाऱ्याने त्याला गुरू मानावे, ही लहान गोष्ट नव्हती. नवेगावबांधचेच उदाहरण पाहावे. ज्या तलावावर हिवाळ्यात पाणपक्षी उतरतात आणि ज्याच्या भोवती आज राष्ट्रीय उद्यान आहे, तो तलाव नैसर्गिक नाही. पूर्व विदर्भातील कोहळी समाजाने सिंचनासाठी बांधलेल्या तलावांपैकी तो एक आहे. म्हणजे माणसाच्या श्रमाने जैवविविधतेला घर मिळाले. या प्रदेशाचे पक्षिजीवन समजून घ्यावयाचे तर तलाव कुणी बांधला, पाळ कोण राखतो, पाणी केव्हा सोडतात हे विचारावे लागते.

तथापि, चितमपल्लींच्या लेखनाची मर्यादाही स्पष्टपणे सांगितली पाहिजे. त्यांच्यावरील प्रेमापोटी मराठी समीक्षा हे काम टाळते असे वाटते. त्यांच्या लेखनात स्वतः पाहिलेले, इतरांकडून ऐकलेले, जुन्या ग्रंथात वाचलेले आणि लोकसमजुतीत आढळलेले हे चारही प्रवाह एकाच ओघात येतात. तेराव्या शतकातील जैन कवी हंसदेव याचे 'मृगपक्षिशास्त्र' त्यांनी मराठीत आणले, हे मोठे कार्य होय. पण संस्कृत ग्रंथातील विधान आणि रानातील निरीक्षण यांना समान प्रामाण्य मिळू लागले की वाचक गोंधळतो. 'निळावंती'सारख्या पुस्तकात तर गूढाची ओढ प्रबळ आहे. ललितलेखक म्हणून त्यांना हे स्वातंत्र्य होतेच. प्रश्न उरतो तो वाचकाचा. विद्यार्थ्याने प्रत्येक विधानाच्या समासात 'पाहिले', 'ऐकले', 'वाचले' यांपैकी एक शब्द लिहीत हे लेखन वाचावे. ज्या विधानापुढे कोणताच शब्द लिहिता येणार नाही, ते विधान रानात जाऊन तपासावे. असे वाचणे हा चितमपल्लींचा अनादर नव्हे. त्यांनी ज्या विषयाला आयुष्य दिले, त्या विषयाचाच तो आदर आहे.

रानपिंगळा : चिकित्सेचे एक उदाहरण

मूळ साधनाची चिकित्सा हे साहित्य-इतिहासाच्या अभ्यासकांचे काम, पक्षिशास्त्राचा तिच्याशी संबंध काय, अशी शंका कुणी घेईल. तिचे उत्तर महाराष्ट्राच्याच भूमीत मिळते. रानपिंगळा हे लहान घुबड ॲलन ह्यूम यांनी 1873 मध्ये शास्त्राला परिचित करून दिले. एकोणिसाव्या शतकात त्याचे मोजकेच नमुने गोळा झाले. त्यांतील काही जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशातून मिळविले होते. 1884 नंतर खरा नमुना कुणालाच मिळाला नाही. मात्र रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या नामांकित ब्रिटिश संग्राहकाच्या संग्रहात 1914 मध्ये गुजरातेत मिळाल्याची चिठ्ठी असलेला एक नमुना होता. त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून रानपिंगळ्याचा शोध घेणारे चुकीच्या जागी शोधत राहिले.

पामेला रासमुसेन यांनी या संग्रहाची कसून तपासणी केली. कातडे कसे भरले आहे, टाके कसे घातले आहेत, हात कुणाचा आहे, याचा त्यांनी अभ्यास केला. हा नमुना संग्रहालयातून चोरलेला डेव्हिडसनचाच जुना नमुना असून त्यावर खोटी चिठ्ठी लावली आहे, असे निष्पन्न झाले. मग खऱ्या नमुन्यांच्या स्थळांवर लक्ष देऊन रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट भारतात आले, आणि 25 नोव्हेंबर 1997 रोजी शहाद्याजवळच्या रानात त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. सुमारे 113 वर्षांनंतर एक जात पुन्हा सापडली ती एका चिठ्ठीच्या चिकित्सेमुळे. पाठचिकित्सा करणाऱ्या अभ्यासकाला ही पद्धत अनोळखी वाटणार नाही. प्रक्षिप्त ओवी ओळखणे आणि खोटी चिठ्ठी ओळखणे यांत बुद्धीचे काम एकाच जातीचे आहे.

लोक जैवविविधता नोंदवही : खरा प्रश्न

येथवरचे विवेचन केवळ विद्याशाखीय सौजन्याचे नाही, हे दाखविण्यासाठी कायद्याकडे वळावे लागते. जैविक विविधता अधिनियम 2002 मध्ये संमत झाला. त्यान्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची आहे. 2004 च्या नियमांनुसार त्या समितीचे मुख्य काम लोकांशी विचारविनिमय करून लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे आहे. स्थानिक जैविक संसाधने, त्यांचे औषधी व अन्य उपयोग आणि तत्संबंधीचे पारंपरिक ज्ञान यांची माहिती तीत असावी, असे अपेक्षित आहे. या कल्पनेमागे माधव गाडगीळ यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी 1990 च्या दशकात केलेले प्रयत्न होते. गावकऱ्यांनी आपल्या भाषेत आपले ज्ञान मांडावे, हा त्यांचा गाभा होता.

प्रत्यक्षात बरीच वर्षे हे काम रेंगाळले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2019 मध्ये 31 जानेवारी 2020 ही अंतिम मुदत दिली आणि त्यानंतर विलंब करणाऱ्या राज्यांना दरमहा 10 लाख रुपये भरावे लागतील असे बजावले. त्यानंतर देशभरात अडीच लाखांहून अधिक नोंदवह्या तयार झाल्याचे सांगितले जाते. इतक्या अल्पावधीत इतक्या गावांत विचारविनिमय कसा झाला असेल, याची कल्पना करता येते. प्रस्तुत लेखिकेला ज्या काही नोंदवह्या पाहावयास मिळाल्या, त्यांत शेजारशेजारच्या गावांच्या याद्या अक्षरशः समान होत्या. एका गावच्या यादीत असलेली छपाईची चूक दुसऱ्या गावच्या यादीतही होती. पाठचिकित्सेच्या भाषेत सांगावयाचे तर समान चुका समान मूळ प्रतीकडे निर्देश करतात.

2023 च्या दुरुस्तीने या गोष्टीला आणखी गांभीर्य आले आहे. ही दुरुस्ती 1 एप्रिल 2024 पासून अमलात आली. तिने संहिताबद्ध पारंपरिक ज्ञानाला लाभवाटपाच्या बंधनांतून बव्हंशी सूट दिली. संहिताबद्ध म्हणजे कायद्याने मान्य केलेल्या प्रमाणग्रंथांत असलेले ज्ञान. म्हणजे ग्रंथांत नसलेल्या, केवळ तोंडी चालत आलेल्या ज्ञानाच्या धारकालाच आता लाभाचा वाटा मागता येईल. परंतु तो मागण्यासाठी हे ज्ञान त्याचे आहे, याचा काही लेखी आधार हवा. तो आधार म्हणजे ही नोंदवही. ती जर शेजारच्या गावावरून उतरविलेली असेल, तर काकडाची फळे घालून शेवळे शिजविणाऱ्या त्या आईच्या ज्ञानाचा पुरावा कोणत्याही दप्तरात नाही.

हे काम शासकीय ठेकेदार करू शकणार नाही. ते करू शकेल असा एकच वर्ग आहे. तो म्हणजे त्या त्या तालुक्यातील महाविद्यालयांचे पदव्युत्तर विद्यार्थी. त्यांना शास्त्रीय नाव ठाऊक आहे आणि घरची भाषाही येते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार 2023-24 पासून राज्यातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांत क्षेत्रीय प्रकल्पाला स्थान मिळाले आहे, त्यामुळे वेळेची सबबही उरलेली नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

1. मराठी निसर्गलेखन हे शास्त्रीय नोंदींना पर्याय नाही. तसे मानणे दोहोंवर अन्याय करणारे आहे. मात्र निरीक्षणाचे सातत्य, रूपकाचे भान आणि माहितीदात्याविषयीची कृतज्ञता या तीन गोष्टी त्यातून शिकता येतात.

2. हे लेखन चिकित्सकपणेच वाचले पाहिजे. पाहिलेले, ऐकलेले आणि वाचलेले यांतील भेद न करणारा गौरव संवर्धनाच्या कामी येत नाही.

3. जैवविविधतेच्या प्रत्येक प्रबंधिकेत स्थानिक नावांचे स्वतंत्र परिशिष्ट असावे. त्यात गाव, माहितीदात्याचे नाव त्याच्या संमतीने, दिनांक आणि शक्य तेथे पावसाचे नक्षत्र नोंदवावे. या परिशिष्टाचे मार्गदर्शन भाषाविभागाकडे सोपवावे.

4. या परिशिष्टांची प्रत संबंधित गावाच्या समितीला द्यावी. ज्ञान गावातून आले असेल तर ते गावाच्या दप्तरी परत गेले पाहिजे.

यांतील शेवटच्या दोन सूचनांना स्वतंत्र निधीची, नव्या पदाची किंवा वरिष्ठांच्या परिपत्रकाची आवश्यकता नाही. दोन विभागांच्या प्राध्यापकांनी एकत्र बसणे तेवढे आवश्यक आहे. प्रारंभी उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीने नंतर आपल्या प्रबंधिकेच्या अखेरीस दीड पानाची एक टीप जोडली. तीत शेवळे केव्हा, कुठे आणि कसे मिळते हे तिच्या आईच्या शब्दांत होते, आणि खाली आईचे नाव व गाव होते. परीक्षकांनी तिला गुण किती दिले हे ठाऊक नाही. परंतु त्या संपूर्ण प्रबंधिकेत अन्यत्र कुठेही न मिळणारी माहिती तेवढ्या दीड पानातच होती, हे येथे नमूद केले पाहिजे.